संयुक्त जाच

सेवकराम गिऱ्हेपुंजेच्या वरच्या ओठावर एक गोल वळ आहे. पाहुण्याला वाटतं जन्मखूण असेल, पण ती ट्रम्पेटच्या तोंडाची खूण आहे. ते पितळी तोंड ओठावर दाबून दाबून शेवटी मांसानंच त्याचा आकार धरला. पैलवान जसा दंड दाखवतो, तसा सेवकराम हा वळ दाखवतो. मिशी ठेवली तर वळ झाकून जाईल, म्हणून उभ्या आयुष्यात त्यानं मिशी ठेवली नाही. मोहटोल्यात त्याच्या वयाचा बिनमिशीचा माणूस तो एकटाच.

मोहटोला साकोलीहून आत, नागझिऱ्याच्या जंगलाच्या अंगाला. गावाला एक तलाव आहे, तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं आहेत, आणि बांध्यांवर पोपट आहेत. सेवकरामला वाजवायला कोणी शिकवलं, याचं खरं उत्तर 'पोपटांनी' असंच द्यावं लागेल. लहानपणी बाप त्याला धान राखायला बसवी. बाकीचे राखणदार गोफण फिरवत, डबे बडवत. सेवकरामनं मामानं टाकून दिलेला ट्रम्पेट उचलला आणि मचाणावर चढून फुंकला. तलावापलीकडचे पोपटसुद्धा उठले. त्या दिवशी त्याचं वाजवणं कायमचं ठरून गेलं. समोर जे बसलं असेल ते उडालं पाहिजे.

पुढं तो लग्नाच्या बँडमध्ये गेला. पोपटांच्या जागी वऱ्हाडी आले, एवढाच फरक. गाणं कोणतंही असो, त्याच्या शेवटी सेवकराम मान मागे टाकी, गाल फुगवी, डोळे मिटी आणि सगळ्यात वरचा सूर धरी. त्याला सगळा तालुका 'सेवकरामची टीप' म्हणे. ती टीप लागली की मांडवात निजलेली तान्ही लेकरं रडत उठत आणि त्यांच्या आया कौतुकानं म्हणत, "आला वाटते सेवकराम." एकदा म्हणे त्या टिपेनं गॅसबत्तीची काच तडकली. काच आधीच तडकलेली होती, असं त्याची बायको मालनबाई सांगते. पण तिचं कोण ऐकतं?

आणि आता, या दिवाळीत, त्याच मालनबाईच्या चकलीवर सेवकरामचा वरचा समोरचा दात हलला.

ट्रम्पेटवाल्याचा समोरचा दात म्हणजे घराचा मधला खांब. ओठ दातावर टेकतो आणि सूर ओठावर. खांब गेला की छप्पर आलंच खाली. सेवकरामनं गोठ्यामागे जाऊन गुपचूप फुंकून पाहिलं. खालचे सूर लागले. वर चढायला गेला तर दात पाळण्यासारखा झुलला आणि टीप अर्ध्या वाटेवरून परत आली. पूर्वी त्याच्या सरावाला बैल दावं तोडायला बघत. त्या दिवशी ते रवंथ करत राहिले. हे त्याला फार लागलं.

"साकोलीले जाऊन दाखवून या," मालनबाई म्हणाली.

"काय दाखवू? चकली?"

"दात."

"दाताले काय धाड भरली? चकली कडक होती."

"चकली तर अख्ख्या घरानं खाल्ली. हलला तुमचाच."

सेवकराम साकोलीला गेला नाही. त्याला दाताची भीती नव्हती. त्याला भीती गुलाबची होती.

गुलाब रामटेके गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो, विहाराच्या मागच्या आळीत. तोही ट्रम्पेटच वाजवतो. पण दोघांचे ट्रम्पेट एकाच दुकानातून आले असतील यावर ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. गुलाबच्या आज्यानं छप्पन साली धम्म घेतला आणि गावाचा बाजा वाजवणं सोडलं. हुकूम आला की वाजवत जायचं, हे त्या घरातून संपलं. म्हणून गुलाबनं ट्रम्पेट हाती घेतला तेव्हा घरात मोठी बोलाचाली झाली. त्यानं बापाला एवढंच सांगितलं, "बलावलं तं जाईन. हुकूम केला तं नाई जाईन." हा शब्द त्यानं पाळला, आणि हळूहळू तो त्याच्या वाजवण्यातच उतरला. वाजव लवकर, असं कोणी म्हटलं की गुलाब आणखी हळू होई. तीन सूर वाजवी आणि थांबे. इतका थांबे की नाचणाऱ्याचा एक पाय हवेतच राही. मग एक सूर सोडी, भरल्या तलावात कोणी अलगद घागर बुडवावी तसा. लोक त्याला 'गुलाबचा थांबा' म्हणत. साकोलीची एसटीसुद्धा इतका वेळ थांबत नाही, असं सेवकरामचं मत होतं.

एकेकाळी हे दोघं एकाच बँडमध्ये होते. टीप आणि थांबा एकाच वरातीत चालत. एका लग्नात परघणी होती, म्हणजे नवरदेवाला गावाच्या शिवेवरून वाजतगाजत आणायचं. सेवकरामनं टीप लावली. वऱ्हाडी खूश झाले. टीप इतकी मोठी होती की एकमेकांच्या कानात बोलायचं तर लोकांना ओरडावं लागत होतं. नवरदेवाचा मामा असाच कोणाच्या तरी कानात ओरडत होता. नेमका त्याच वेळी गुलाबचा हात वर गेला. हा हात वर गेला की सगळा बँड गप्प व्हायचा, अशी बँडमधली रीत होती. बँड गप्प झाला, आणि त्या शांततेत मामाचा आवाज सगळ्या शिवारानं ऐकला. "नवरीपेक्षा तिची मावशीच चांगली दिसते बे!"

पुढं जे झालं त्यात बँडचा मोठा ढोल फाटला आणि बँडला जेवण मिळालं नाही.

"तू कायले थांबला बे?" सेवकरामनं वाटेत विचारलं.

"जागा होती थांबाची," गुलाब म्हणाला. "मामानं कायले तोंड उघडलं, ते मामाले विचार."

"माझी टीप अर्धी कापली तुनं!"

"टीप कापली म्हनूनच तं लग्नात काय चालू हाये ते लोकायले समजलं."

त्या दिवसापासून बोलणं बंद. बँडही फुटला. पुढं डीजे आले, ढोलताशांचे धुमाल आले, आणि ट्रम्पेट लोकांनी खुंटीला लावले. दोघं धान करत राहिले. एकाच तलावाचं पाणी दोघांच्या बांध्यांत जाई, पण पाणपाळीच्या दिवशीसुद्धा ते एकमेकांशी बोलत नसत. सेवकरामच्या मनात मात्र रोज हिशेब चालू असे. गुलाबकडे थांबा आहे, तर आपल्याकडे टीप आहे. आणि आता त्याच्याकडे एक हलता दात होता. हे गुलाबला कळलं तर उरलेलं आयुष्य शिवाराबाहेर काढावं लागेल, असं त्याला वाटू लागलं.

तेवढ्यात मंडई आली. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, आकाशपाळणा येतो, नाटक होतं. मोहटोल्याच्या मंडई समितीचे अध्यक्ष पुंडलिकराव. तेच उपसरपंच आणि तेच तंटामुक्ती समितीचेही अध्यक्ष. गावात जितक्या समित्या तितक्या खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीवर पुंडलिकरावांचा रुमाल. गेल्या मंडईत डीजेच्या धक्क्यानं ग्रामपंचायतीच्या कपाटावरची स्वच्छतेची ढाल पडली आणि खाली बसलेल्या पुंडलिकरावांच्याच डोक्याला टाके पडले. त्यामुळे यंदा डीजे नको, असं त्यांनी समाजाच्या हितासाठी ठरवलं.

मग काय ठेवायचं? याचं उत्तर त्यांचा मुलगा मनिष घेऊन आला. मनिष पुण्याला कंपनीत आहे. तिथल्या एका हॉटेलात त्यानं दोनदा जॅझ ऐकलं होतं. दुसऱ्या वेळी तर ऐकता ऐकता त्याचं जेवण थंड झालं, त्यामुळे त्याला त्यातलं सगळं कळत होतं. तो सेवकरामच्या ओसरीवर येऊन बसला.

"काका, जॅझ म्हणजे दोन वादक एकमेकांशी बोलतात. कागदावर काही नसतं. ऐन वेळी सुचेल ते वाजवायचं. एक जोरात बोलतो, एक हळू."

"म्हंजे वरातीसारखंच," सेवकराम म्हणाला. "नवरदेवाचा काका नाचून दमत नाई तोवर गानं संपवाचं नाई."

"तसंच, पण लोक नाचत नाहीत. बसून ऐकतात."

"मंग त्यायले समजते कसं का गानं चांगलं हाये?"

मनिषनं विषय बदलला. "गुलाबकाका हो म्हणाले."

सेवकरामची जीभ नकळत दाताकडे गेली. नाही म्हणायला त्याच्याकडे कारणं पुष्कळ होती. धान कापायचं होतं, अंग दुखत होतं. पण गुलाब हो म्हणाला आणि सेवकराम नाही म्हणाला, ही बातमी तलाव ओलांडून जायला वेळ लागला नसता.

"मीबी कवा नाई म्हटलं?" तो म्हणाला.

आता फ्लेक्स. तो करायचं काम पुंडलिकरावांनी स्वतःकडे घेतलं, कारण फ्लेक्सवर फोटो त्यांचा असतो. त्यांनी साकोलीच्या फ्लेक्सवाल्याला फोन लावला आणि सांगितलं, "जाजचा कार्यक्रम हाये." फ्लेक्सवाल्यानं हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. पण त्याच्या जवळचा एक शब्द त्याला चांगला माहीत होता. मागच्याच महिन्यात त्यानं सुनांच्या छळाविरुद्धच्या मेळाव्याचा फ्लेक्स केला होता. पदरात तोंड लपवून रडणारी बाई त्याच्या संगणकात तयारच होती. चौकात जो फ्लेक्स लागला तो असा होता. वर पुंडलिकराव हात जोडून. मध्ये रडणारी बाई. तिच्या एका बाजूला सेवकराम, एका बाजूला गुलाब. आणि खाली मोठ्या अक्षरात:

'मंडईनिमित्त भव्य जाच संध्या! सुप्रसिद्ध ट्रम्पेटवादक सेवकराम व गुलाब यांचा संयुक्त जाच. सर्वांनी सहकुटुंब लाभ घ्यावा.'

समितीच्या सगळ्या लोकांनी तो वाचला. मनिष शिकलेला आहे, त्यानं सांगितलेला शब्द आपण कसा चुकीचा म्हणायचा, म्हणून कोणी काही बोललं नाही. मनिषनं वाचला तेव्हा फ्लेक्स लागून गेला होता, आणि त्यावर बापाचा फोटो चांगला आला होता.

मालनबाई पाण्याची कळशी घेऊन फ्लेक्सखाली उभी राहिली. "संयुक्त लिवलं हे चुकलं," ती म्हणाली. "मी तं एकाचाच भोगून राहिली."

मंडईच्या संध्याकाळी मैदानात जी गर्दी झाली तशी डीजेलाही कधी झाली नव्हती. आजूबाजूच्या टोल्यापाड्यांतून बायका आल्या. कापणीचे विळे घरी ठेवून, लुगड्याचे पदर खोचून, मनात शब्द जुळवत आल्या. तंटामुक्तीचे अध्यक्ष स्वतः जाच ऐकणार म्हणजे काहीतरी निकाल लागेल, असं त्यांना वाटलं. आणि कोणाचं नाव निघतं ते बघायला त्यांचे नवरे मागे उभे राहिले. पोलीस पाटीलही आला आणि कोपऱ्यात काठी टेकून बसला. पुंडलिकराव मंचावर खुर्चीत बसले. त्यांनी गर्दीकडे पाहून मनिषला सांगितलं, "पाय, लोकायले कला पाह्यजे असते. आपन देत नाई."

सेवकराम आणि गुलाब मंचाच्या दोन टोकांनी वर आले. मधे इतकी जागा होती की बैलगाडी वळली असती. सेवकरामनं दात जिभेनं चाचपला. होता.

त्यानं सुरुवात खालून केली. सांभाळून वाजवलं, गाल अर्धेच फुगवले. गुलाबनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग त्यानं आपले तीन सूर सोडले, आणि थांबला.

गुलाबचा थांबा मैदानावर पसरला. आकाशपाळण्याची करकर ऐकू आली. तलावाकडून बेडकाचा आवाज आला. बायकांना वाटलं, आता आपली पाळी. पहिल्या रांगेत एक बाई उठून उभी राहिली. ती पुष्पाबाई होती, पुंडलिकरावांची बायको.

"सांगतो मी," ती म्हणाली.

"आई, बस ना खाली!" मनिष फोनचा कॅमेरा खाली घेऊन कुजबुजला.

"कायले बसू? फ्लेक्स लावून बलावलं ना?" पुष्पाबाईनं पदर सावरला. "या मानसानं लग्न झाल्यापासून मले एक डावबी नावानं हाक नाई मारली. 'ऐकून राहिली का' म्हन्ते. भाजीत मीठ कमी, ऐकून राहिली का. पाहुने आले, ऐकून राहिली का. मी माहेरी गेली तं माय म्हने, पुष्पा. मी मांगं पाह्यलं का ही कोन नवीन बाई आली. मले वाटे माझं नाव 'ऐकून राहिली का' हाये."

बायकांत हसू उसळलं. मंचावर पुंडलिकराव खुर्चीत इकडून तिकडे सरकले, पण त्यांच्यासमोर माईक नव्हता. सगळं मैदान मंचाकडे बघू लागलं. पुंडलिकरावांच्या वतीनं कोणीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

सेवकरामला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. त्यानं मान मागे टाकली. गाल फुगवले. डोळे मिटले. पोपट उडवणारी, काच तडकवणारी ती टीप त्यानं पोटाच्या तळातून उचलली आणि वर नेली.

आणि तिथंच दात निघाला.

सूर फाटला. "पु..." असा वर गेला, "पुर्र..." असा घसरला, परत "पु... पु..." करत उठायला बघू लागला आणि शेवटी "फ्फा" करून खाली बसला. सेवकरामनं डोळे उघडले. आयुष्यभराची इस्टेट सगळ्या तालुक्यासमोर, गुलाबसमोर, जिभेखाली येऊन पडली होती.

मग मागून एक बाई ओरडली, "म्हनून राहिला वो! नाव घेऊन राहिला!"

"घे, घे! पुष्पा म्हन!"

"जमून नाई राहिलं त्याले! सवय नाई ना!"

मैदान फुटलं. बायका एकमेकींच्या पाठीवर थापा मारत हसल्या. पोलीस पाटलाची काठी खाली पडली. गुलाबनं ट्रम्पेट वर केला आणि तो फाटका सूर जिथं पडला होता तिथूनच अलगद उचलून दोन साध्या सुरांत पुरा केला. पुष्पा. एवढंच. आणि परत थांबला.

त्या थांब्यात दुसरी बाई उठली. मग तिसरी. सासू, नणंद, दारू पिणारा दीर, टीव्हीचा रिमोट न देणारा सासरा, सगळे त्या संध्याकाळी मंचावर येऊन गेले. प्रत्येकीच्या जाचाला सेवकराम फाटक्या सुरात उत्तर देई, कारण त्याच्याकडे दुसरा सूरच उरला नव्हता. आणि गुलाब त्या फाटक्याला टाका घाली. मनिषनं फोन परत वर केला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हाच!" तो ओरडला. "हाच खरा जॅझ!"

"हो बाप्पा," पुष्पाबाई म्हणाली, "खरा जाच हाच हाये."

शेवटी समितीच्या एकानं सेवकरामपुढं माईक धरला. "दोन शब्द बोला, सेवकरामभाऊ." एरवी दोन शब्द म्हटले की सेवकराम गॅसबत्तीपासून सुरुवात करी आणि जेवणाची पंगत बसेपर्यंत थांबत नसे. आज त्याच्या जिभेखाली दात होता. त्यानं ओठ घट्ट मिटले, हात जोडले आणि मान खाली घातली.

"केवढा मोठा कलावंत," मनिष म्हणाला, "आणि केवढा नम्र!"

मंचाच्या मागे, बांबूच्या टेकूपाशी, गुलाब त्याच्याजवळ आला. परघणीच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"थुक," तो म्हणाला.

सेवकरामनं मान हलवली.

"थुक ना बे. तुह्या पहिल्याच सुरात समजलं मले का दात हलून राहिला. म्हनून तं इतका वेळ थांबलो मी, तुले जरा दम भेटावा."

सेवकरामनं दात तळहातावर काढला. दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. "आता सांगशीन सगळ्यायले," सेवकराम म्हणाला. सांगताना त्याच्या तोंडातून वारा निघाला.

"काय सांगू? लोकायले वाटते तुनं मुद्दाम वाजवलं."

सेवकरामनं दात मुठीत मिटला. "मुद्दामच वाजवलं," तो म्हणाला.

त्या आठवड्यात गावोगावचे लोक मोहटोल्यात येऊ लागले. आमच्याबी मंडईत जाच ठेवा, म्हणू लागले. पवनीहून माणूस आला, थेट तुमसरकडच्या नाकाडोंगरीहून आला. सगळ्यांना तोच फाटका सूर हवा होता. सेवकरामनं कोणालाच नाही म्हटलं नाही, पण मनातून तो जळत होता. टीप एका आयुष्याची होती आणि लोकांना तिचं फाटणं आवडलं होतं. तो गुपचूप साकोलीला गेला आणि काढता-घालता येणारा दात करून घेतला. गोठ्यामागे जाऊन फुंकला. टीप लागली, स्वच्छ, काचेसारखी. बैलांनी दावी ओढली. "आता दाखवतो," तो बैलांना म्हणाला.

पवनीच्या मंडईत तो नवा दात लावून मंचावर चढला. वळ चमकत होता. गुलाबनं तीन सूर दिले, थांबला, एका बाईनं सासूचं गाऱ्हाणं सांगितलं, आणि सेवकरामनं टीप लावली. अशी टीप त्याला तरुणपणीही लागली नव्हती.

पवनीकर सरकारी कार्यक्रमात बसावं तसे बसून राहिले. एकानं हळूच टाळी वाजवली आणि इकडंतिकडं बघून थांबवली. गाऱ्हाणं सांगणारी बाई अजून उभीच होती. मागून कोणीतरी ओरडलं, "कायले चिकना वाजवून राहिला गा? आमी तो फाटका ऐकाले आलो ना!"

सेवकरामनं ट्रम्पेट खाली घेतला. समोर सगळी पवनी होती आणि टीप हवेत विरत होती. गुलाबनं काही वाजवलं नाही. तो चालत मंचाच्या या टोकाला आला, सेवकरामच्या अगदी शेजारी, आणि त्यानं डावा हात पसरला.

सेवकरामनं त्या हाताकडे पाहिलं. मग लोकांकडे पाठ केली, तोंडात बोट घातलं आणि दात काढून त्या हातावर ठेवला. गुलाबनं तो सदऱ्याच्या खिशात टाकला आणि खिशाचं बटन लावलं.

"जेवाच्या आधी आठवनीनं देशीन बे," सेवकराम पुटपुटला. "मटन हाये म्हन्ते."

"देतो ना," गुलाब ट्रम्पेट ओठाला लावत म्हणाला. "थांब जरा."

सेवकराम थांबला. ती बाई अजून उभीच होती, उत्तराची वाट बघत.